सेव्हिला पायी बघायचं, पण आईच्या गुडघ्यांचं काय?

प्रश्न : मे महिन्यात आईला घेऊन स्पेनला चाललोय, सेव्हिलात २ दिवस आहोत. गाइडबरोबरची वॉकिंग टूर घ्यावी का? आईचे गुडघे दुखतात, पर्वती चढणं तिने कधीच सोडलंय. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : घ्या, पण सकाळची घ्या, कारण मेमध्येच तिथे दुपारी चांगलंच तापतं आणि आपल्यासारखंच तेही १ ते ४ झोपतात असं समजू नका, जेवायलाच ३ वाजतात त्यांना. कॅथेड्रलचा (तिथल्या मोठ्या चर्चचा) गिराल्डा मनोरा बघून आईला घाबरवू नका. तो मुळात १२व्या शतकातल्या मशिदीचा मिनार, आणि आत जिना नाहीये, ३५ उतार आहेत, अजान देणारा घोड्यावरून वर जायचा म्हणे. शेवटी थोड्या पायऱ्या आहेत तेवढ्याच. खाली कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी स्पेनच्या चार जुन्या राज्यांच्या भालदारांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतलीये, ती १८९९मध्ये हवानाहून आली. तिथे जरा थांबा, गाइड पुढे गेला तर जाऊ दे.

एक मात्र, बऱ्याच टूर बाहेरूनच दाखवतात, आतलं तिकीट वेगळं, तेव्हा आधी विचारून घ्या, कॅथेड्रल आणि अल्काझार राजवाडा दोन्हीचं ऑनलाइन काढून ठेवा. सांता क्रूझ या जुन्या वस्तीच्या बोळात मस्त सावली असते (आपल्या पेठा आठवतील, फक्त हॉर्न नाही), पण फरशी खडबडीत आहे, आईला बूटच घालायला लावा, चप्पल नको. आणि रस्त्यावरच्या झाडांची संत्री तोडून खाऊ नका, कडूजहर असतात.