क्रमांकापेक्षा त्यामागची आकडेवारी पाहा

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे. पुण्यातील एक महाविद्यालय एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीच्या यादीत १५१ ते २०० या गटात आहे आणि सांगलीजवळचे दुसरे त्या यादीतच नाही, तेव्हा ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायच्या अर्जात, पुण्याचेच वर घालावे का, असे आपण विचारले आहे. केवळ या कारणासाठी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. अभियांत्रिकीसाठी तिच्या १०० गुणांपैकी ३० अध्यापन व साधनसुविधांना, ३० संशोधनाला, २० पदवीनंतरच्या निष्पत्तीला आणि प्रत्येकी १० सर्वसमावेशकतेला व लोकमतातील प्रतिमेला असतात. शोधनिबंध आणि पेटंट यांचे महत्त्व मी नाकारत नाही, पीएच.डी. करू पाहणाऱ्याने ते जरूर पाहावेत. परंतु पहिल्या वर्षाला गणित कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. शिवाय सहभाग ऐच्छिक असल्याने यादीत नाव नसणे म्हणजे दर्जा नसणे, असेही होत नाही.

यातील बरीचशी माहिती महाविद्यालये स्वतःच भरून देतात, ही अधिक गंभीर बाब आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ तेथील एका प्रतिष्ठित क्रमवारीत दुसरे होते. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने सादर केलेल्या आकड्यांवर आक्षेप घेतले आणि त्याच वर्षी विद्यापीठ अठराव्या स्थानी घसरले. एवढ्या नामवंत संस्थेबाबत हे घडते, तर आपणही आकडे पारखूनच घ्यावेत.

तरीही एनआयआरएफचा एक मोठा उपयोग आहे, आणि दुर्दैवाने फार थोडे पालक तो करून घेतात. सहभागी महाविद्यालयाने भरलेला माहितीतक्ता पीडीएफ स्वरूपात उपलब्ध असतो. त्यात किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो) किती, हे तीन वर्षांच्या तुकड्यांसाठी दिलेले असते. समजा, ४०० जणांनी प्रवेश घेतला, २८० वेळेत उत्तीर्ण झाले आणि १४० जणांना नोकरी लागली. तर जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेजपेक्षा हे तीन आकडे आपल्याला अधिक काही सांगतात. मात्र ते सर्व शाखांचे एकत्रित असतात, म्हणून संगणक शाखेचे वेगळे आकडे महाविद्यालयाकडे लेखी मागावेत. सांगलीजवळच्या महाविद्यालयाकडेही हेच आकडे मागा; ते देण्यास टाळाटाळ झाली, तर त्याचीही नोंद घ्या.

एनबीए या राष्ट्रीय मंडळाची, अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून दिली जाणारी मान्यता शाखानिहाय मिळते. ती संगणक शाखेला आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे तपासा. जमल्यास मुलीला घेऊन दोन्हीकडे जा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, की प्रयोगशाळेतील तास खरोखर होतात का आणि सत्राच्या मध्यावर शिक्षक सोडून जातात का.

एवढे करूनही दोन्ही महाविद्यालये तुल्यबळ ठरली, तर पुण्यातील राहण्याजेवणाचा चार वर्षांचा खर्च मांडून पाहा, आणि मुलीला कोठे राहून शिकायचे आहे हे तिलाच विचारून फॉर्म भरा.

आपला,
करिअर मार्गदर्शक