सोसायटी म्हणते ट्रान्सफॉर्मर फुल आहे, चार्जरसाठी 1.10 लाख भरू का?

प्रश्न थोडक्यात असा. बालेवाडीतल्या 96 फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या एक ताई, नवरा-बायको दोघंही नोकरीला, हातात मिळून 1.45 लाख येतात आणि घराचा हप्ता 38,000. ईव्ही बुक केलीय, ऑन रोड 16.3 लाख, 45 युनिटची बॅटरी, बुकिंग अजून रद्द करता येतं. दुसरा पर्याय पेट्रोल ऑटोमॅटिक, 12.4 लाख. महिन्याचं रनिंग 1,400 किलोमीटर, कारण रोज हिंजवडी आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला सासूबाईंकडे. आणि आता कमिटी म्हणते ट्रान्सफॉर्मर फुल झालाय, मोठा बसवायचा तर चार्जर मागणाऱ्या 8 जणांनी प्रत्येकी 1.10 लाख भरा, पैसे परत मिळणार नाहीत. भरू का, की सरळ पेट्रोल घेऊ?

ताई, आधी उत्तर सांगतो, हिशोब नंतर. गाडी ईव्हीच घ्या, पण 1.10 लाख आत्ता देऊ नका. आणि डिलिव्हरी मीटरचं काम मार्गी लागेपर्यंत पुढे ढकला.

आता गाडीचा हिशोब बघू. तुमच्या रनिंगला पेट्रोल ऑटोमॅटिक शहर आणि हायवे मिळून 14 चं अॅव्हरेज देईल असं धरलं तर 100 लिटर, म्हणजे 105 च्या भावाने 10,500 रुपये महिना. ईव्हीला चार्जिंगमधली गळती धरून युनिटला साडेसहा किलोमीटर, म्हणजे 215 युनिट. हे युनिट तुम्ही कुठून घेता यावर सगळं ठरतं आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण "घरी चार्जिंग म्हणजे स्वस्त" असं सगळे गृहीत धरतात. महावितरणचे घरगुती स्लॅब 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. तुमचं आजचं बिल 230 युनिटचं आहे, त्यात 215 टाकले की 445, म्हणजे त्यातले 145 युनिट थेट 301 ते 500 च्या महागड्या स्लॅबमध्ये जाणार. ड्युटी वगैरे सगळं पकडून मी 300 पर्यंतच्या युनिटला 13 आणि वरच्याला साडेसोळा धरलेत, तर गाडीचा खर्च 3,300 च्या आसपास येतो. वेगळं ईव्ही मीटर घेतलं तर स्लॅबची भानगड नाही, 9 रुपयांनी धरा, 1,935 होतात, वर मीटरचा स्थिर आकार. आणि फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर राहिलात तर 18 टक्के जीएसटी धरून 22 रुपये युनिट, म्हणजे 4,730. हे दर माझ्या हिशोबापुरते आहेत, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरून आणि महावितरणच्या कागदावरून आकडे घालून परत करून बघा, पण क्रम बदलणार नाही.

ईव्ही 3.9 लाखांनी महाग आहे. तेवढ्या जास्तीच्या कर्जाचा हप्ता 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी साधारण 8,100. वेगळ्या मीटरवर चार्ज केली तर पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला 8,500 वाचतात. म्हणजे गाडी स्वतःचा जास्तीचा हप्ता स्वतः फेडते, थोडी शिल्लक राहिली तर ती इन्शुरन्समध्ये जाईल कारण महाग गाडीचा प्रीमियम जास्त. बाहेरच्याच चार्जिंगवर राहिलात तर वाचतात 5,770, आणि दर महिन्याला 2,300 खिशातून. म्हणून चार्जर आपल्या पार्किंगला असणं हा सोयीचा नाही, पैशाचा मुद्दा आहे.

मग 1.10 लाख का नको? सांगतो, आणि इथे जरा थांबून वाचा.

तुम्ही इलेक्ट्रिशियनच्या रीडिंगचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं. मे महिन्यात रात्री 10 वाजता टाँग टेस्टर (तारेला लावून करंट मोजायचं यंत्र) लावून ट्रान्सफॉर्मरच्या तीन फेजपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, आर फेजला 365 अँपिअर, वायला 340, बीला 290. तुमचा ट्रान्सफॉर्मर 315 केव्हीएचा, म्हणजे प्रत्येक फेजला साधारण 420 अँपिअर झेपतात. कमिटीने आर फेजचा आकडा बघून फुल म्हटलं. पण त्याच कागदावर बी फेजला 130 अँपिअर मोकळे दिसतायत! फ्लॅट आणि एसी फेजवर नीट वाटलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ, आणि लोड इकडचा तिकडे करायला नवीन ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

आता चार्जर. शोरूमवाला 7.2 किलोवॅटचा लावून देतो, तो एका फेजवर 31 अँपिअर ओढतो. आठही जणांनी तोच लावला, नीट वाटून लावला आणि रात्री 10 ला सगळ्यांनी एकदम सुरू केला, तर आर फेजवर दोनच टाकले तरी 365 अधिक 62, म्हणजे 427, मर्यादेच्या बाहेर. म्हणजे कमिटीची भीती खोटी नाही, तिला उगाच नावं ठेवू नका. पण तुम्हाला रोज सरासरी 47 किलोमीटर चालवायचंय, त्याला सव्वासात युनिट लागतात, आणि साध्या 3.3 किलोवॅटच्या चार्जरवर ते सव्वादोन तासात भरतात. तो ओढतो 14 अँपिअर, म्हणजे फार तर दीड गिझर. हेच आठ लावले, आरवर दोन आणि बाकी दोन्हीवर तीन तीन, तर मेमधल्या रात्री 10 च्या लोडवरही आर 393, वाय 382, बी 332. बसतंय. 393 म्हणजे 94 टक्के, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर इतका तापलेला मलाही चालणार नाही, म्हणून टायमर लावायचा, रात्री 12 नंतर सुरू आणि सकाळी 6 च्या आत बंद. 12 नंतर एसी चालू राहतात हे खरं, पण लिफ्ट, पंप, स्वयंपाकघर, टीव्ही हे सगळं उतरलेलं असतं. आणि 6 ची मर्यादा हिवाळ्यासाठी, तेव्हा गिझरचा पीक सकाळी येतो. साताऱ्याला जायच्या आदल्या रात्री बॅटरी 20 टक्क्यांवर असेल तर 3.3 वर पूर्ण भरायला 11 तास लागतात, त्यामुळे ते एक दिवस आधीपासून करा किंवा त्या महिन्यात एकदा बाहेर फास्ट चार्ज करा, त्याचे 500-700 रुपये गेले तरी 1.10 लाखांपुढे काहीच नाही.

ग्रिडला ईव्ही झेपणार नाही असं सगळीकडे ऐकू येतं, त्यातली गोम हीच आहे. 30 मे 2024 ला देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटपर्यंत गेली होती आणि ग्रिडने ती पेलली. दिवसा सोलरची वीज भरपूर असते, म्हणूनच तर जुलै 2025 पासून टीओडी (वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या) मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 सवलत मिळतेय. अडचण येते ती सूर्य मावळल्यावर, आणि ती सगळ्यात आधी दिसते तुमच्या गेटजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर, शेवटच्या टप्प्यात. नेमका त्याच वेळी माणूस ऑफिसातून येऊन प्लग लावतो. त्यामुळे आठ गाड्यांसाठी किती वीज यापेक्षा कधी वीज हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर टायमरमध्ये आहे.

उद्या 8 च्या 40 गाड्या झाल्या तर? मग 132 किलोवॅट, तेव्हा टायमर पुरणार नाही, आपसात लोड वाटून घेणारे चार्जर लागतील आणि बहुतेक ट्रान्सफॉर्मरही मोठा लागेल. पण तो खर्च सगळ्या सोसायटीचा. कमिटीचा अंदाज 8.8 लाखांचा आहे, 96 घरांत वाटला तर घरटी 9,200 सुद्धा होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर 365 अँपिअरवर गेला तो ईव्हीमुळे नाही, अजून एकही चार्जर लागलेला नाही, तो गेला घराघरांत वाढलेल्या एसींमुळे, आणि एसी लावताना कोणाकडून पैसे घेतले नव्हते. हे जनरल बॉडीत शांतपणे, तोच रीडिंगचा कागद समोर ठेवून मांडा. भांडू नका, तिथेच राहायचंय.

त्याआधी अजून एक गोष्ट विचारा, ट्रान्सफॉर्मर कोणाचा? बिल्डरने बसवून महावितरणच्या ताब्यात दिला असेल तर क्षमता वाढवायचा खर्च कोणी करायचा हे कमिटी ठरवू शकत नाही, महावितरणला लेखी विचारून लेखी उत्तर घ्यायचं. तुमचा वेगळ्या ईव्ही कनेक्शनचा अर्जही सोबतच टाका. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केलीय, ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. अर्ज टाकला की महावितरणचा माणूस लोड बघून जाईल आणि फर्म कोटेशन, म्हणजे कनेक्शनसाठी किती भरायचं याचा अधिकृत कागद, येईल, तो कागद इलेक्ट्रिशियनच्या तोंडी मतापेक्षा हजारपट वजनदार आहे. ईव्ही मीटरला वेळेप्रमाणे दर कसा लागतो तेही तेव्हाच विचारून घ्या.

आता तुमच्या घरचा मुद्दा. एफडीत 7 लाख, डाउन पेमेंट 5 लाख, उरले 2. त्यातून 1.10 गेले तर हातात 90,000, आणि तुमचे दोन हप्ते मिळूनच महिन्याला 61,500 होणारेत. दोघांपैकी एकाची नोकरी दोन महिने अडली तर काय करणार? वर तुम्हीच लिहिलंय की 4-5 वर्षांत मोठ्या फ्लॅटमध्ये जायचा विचार आहे. बाहेरच्या चार्जिंगशी तुलना केली तर 1.10 लाख वसूल व्हायला साधारण 3 वर्षं 3 महिने लागतात, म्हणजे फायद्याची दोन वर्षंही मिळतील की नाही सांगता येत नाही, आणि जाताना ट्रान्सफॉर्मर काही उचलून नेता येणार नाही. तरीही सोसायटी अडूनच बसली आणि द्यावे लागलेच, तर ठराव करून घ्या की नंतर येणाऱ्या प्रत्येक चार्जरवाल्याने आधीच्यांना हिस्सा परत द्यायचा आणि फ्लॅट विकला तर हक्क नव्या मालकाकडे जाणार. पावतीशिवाय एक रुपया नाही.

पैसे वाचवायचे नाहीत अशी एकच जागा आहे, वायरिंग. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत चांगली तांब्याची केबल, वेगळं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून. साध्या पिवळ्या एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावून झोपायचं नाही, प्लीज.

बँकेतल्या माणसाने ईव्ही कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची वजावट मिळेल असं सांगितलंय ना, ते धरू नका. ते प्राप्तिकराचं कलम 80ईईबी, आणि ते 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होतं. टोलचंही तसंच. राज्याच्या 2025 च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्ही कारला पूर्ण टोलमाफी आहे, पण तुमचा रस्ता साताऱ्याचा, खेड शिवापूर आणि आनेवाडी त्यात येत नाहीत. म्हणून हिशोबात मी टोलचा एक पैसाही वाचवलेला नाही.

डीलरला आजच फोन करून डिलिव्हरी दीड-दोन महिने पुढे घ्या आणि ते ईमेलवर मागा. महावितरणचा अर्ज या आठवड्यात टाका. कोटेशन नकारात्मक आलं आणि सोसायटीही हलली नाही, तर बुकिंग रद्द करून पेट्रोल घ्या, कारण महिन्याला 2,300 चा खड्डा तुमच्या आजच्या हप्त्यांवर मला नकोय. पण कनेक्शन मंजूर झालं तर कर्जाचे कागद त्या दिवशी सही करा, आधी नाही.