ग्रॅव्हल रेस: आधी हवा, मग उतार

रोड बाईकवर चोर्ला घाट न थांबता चढता, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) झाल्या आहेत, आता ग्रॅव्हल (खडी-मातीच्या रस्त्यांवरची) किंवा सायक्लोक्रॉस (शेत-चिखलातल्या छोट्या फेऱ्यांची) रेस करायची आहे आणि गोव्यात राहून तयारी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. स्पष्टच सांगतो. चढायची ताकद तुमच्याकडे आहे. हौशी रायडर ग्रॅव्हलमध्ये मागे पडतो तो उतारावर आणि वळणांवर, आणि त्यातला मोठा दोष टायरातल्या हवेचा असतो.

रोडच्या सवयीने लोक ४० मिमीच्या टायरातही ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरतात आणि मग सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, सायकल नुसती नाचते. आपला जांभा खाली टणक कातळ आणि वर सुटे गोल खडे, फरशीवर वाटाणे सांडावेत तसा. टणक टायर त्या खड्यांवरून घसरतो, मऊ टायर खडे पोटात घेऊन खालचा कातळ धरतो. तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास असेल आणि टायर ४० मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल, तर ३५ पीएसआयपासून सुरू करा. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा जा आणि दर वेळी दोन पीएसआय कमी करा. दगडावर रिम आपटून ठक्क आवाज आला की दोन-तीन वाढवा, तो तुमचा आकडा. मागच्या चाकात एखाद-दोन जास्त ठेवा. हवा गेजने मोजा, अंगठ्याने दाबून एवढा फरक कळत नाही. सीलंट (टायरातली छिद्रं बुजवणारं द्रव) आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक ओढला तर पुढचं चाक जातं आणि सावरायला वेळ मिळत नाही. कोपर सैल, बाहेरचा पाय खाली आणि वजन त्या पायावर, नजर वळण जिथे संपतं तिथे. वाचून हे येत नाही. शंभरेक मीटरचा एकच उतार निवडा आणि तो घोटा.

चोर्ला डांबरी आहे, तो पायांसाठी ठेवा. घाटाच्या पायथ्याच्या केरीहून पहाटे निघा, अवजड गाड्या वाढायच्या आत खाली या. खडीसाठी पेडणे-बार्देशातले सडे आणि कुळागरांकडे (सुपारीच्या बागांकडे) जाणारे मातीचे रस्ते बरे. खाजगी वाट असेल तर मालकाला विचारूनच. खाणींच्या लाल रस्त्यांचा मोह बऱ्याच जणांना होतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या म्हणून ती जागा मोकळी झाली असं नाही: पाण्याने भरलेले खंदक आहेत, आणि धुळीत ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही. तिथे जाऊ नका. म्हादई, नेत्रावळी अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

रेस ग्रॅव्हलची करायची असली तरी सराव सायक्लोक्रॉसचा करा, हा माझा आग्रह आहे. ग्रॅव्हलची पहिली यूसीआय (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. ती जिंकणारा बेल्जियमचा जियानी वर्मीर्श सायक्लोक्रॉसमध्येच घडलेला रायडर. सायक्लोक्रॉस म्हणजे तीनेक किलोमीटरची फेरी, ३३ मिमीपर्यंतचा टायर, ४० सेंटिमीटर उंचीचे अडथळे आणि साधारण तासाभराची किंवा त्याहून छोटी रेस. भातकापणी झालेलं शेत त्यासाठी उत्तम, शेतकऱ्याची हरकत नसेल तर. मेर (शेताचा बांध) हाच अडथळा. चालत्या सायकलीवरच उजवा पाय सीटवरून मागून डावीकडे आणा, डावा हात हँडलवर, उजवा टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या दांड्यावर), मग डावा पाय पेडलवरून सोडून दोन पावलं पळत सायकल उचला. आधी चालत, मग पळत. परत बसताना उडी मारू नका, मांडी सीटवर सरकवा. रोज वीस मिनिटं पुरेत.

पावसाळ्यात सराव बंद करायची गरज नाही, फक्त शेवाळलेल्या कातळावर उतरून चाला. लाल चिखल ब्रेक पॅड झिजवतो, रेझिन (राळेचे) पॅड तर फारच लवकर. त्या चार महिन्यांसाठी सिंटर्ड (धातूचे) पॅड घाला. आवाज करतात, पण टिकतात. घरी आल्यावर चेन धुवा, पण बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका.

नवी सायकल घ्यायची घाई करू नका. आधी आहे त्या फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये, दोन्ही बाजूंना चार-पाच मिमी मोकळे ठेवून किती रुंद टायर बसतो ते मोजून इथे लिहा. मागच्या कॅसेटमधलं (मागच्या गिअर-चक्रांच्या संचातलं) सगळ्यांत मोठं चक्र किती दातांचं आहे तेही सांगा, मग गिअरचं बोलू.