दहा माणसं घेण्याआधी तारखा मांड

प्रिय मित्रा,

नव्या क्लायंटला दहा डेव्हलपर हवेत आणि पैसे बिल दिल्यावर साठ दिवसांनी, असं कळवलंस. अभिनंदन. पण भरती काढण्याआधी कागद घे.

माणशी ८० हजार धर, पीएफ वगैरे सगळं त्यातच. महिन्याला ८ लाख. बिलिंग माणशी १ लाख ६० हजार, म्हणजे १६ लाख. दिसायला दुप्पट. आता तारखा मांड. काम सुरू १ एप्रिलला. टाइमशीट मंजूर होऊन एप्रिलचं बिल निघणार ७ मेला, पैसे ६ जुलैला. तोवर एप्रिल, मे, जून असे तीन पगार झाले, २४ लाख. त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, २ लाख ८८ हजार, २० जूनपर्यंत भरायचा. क्लायंटने पैसे दिले की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. आपला मोठा खर्च पगाराचा, त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. म्हणजे पहिला रुपया दिसण्याआधी जवळपास २७ लाख खिशातून गेले, लॅपटॉप वेगळे. त्यातही क्लायंटने २ टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापला, तर ३२ हजार कमीच हातात येतील. ताळेबंदात नफा दाखवणाऱ्या कंपन्या पगाराच्या तारखेला अडकतात त्या इथेच.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर काम सुरू होण्याआधी करून घे आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. तू सूक्ष्म किंवा लघू गटात बसत असशील तर लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे करारात साठ लिहिले तरी मुदत ४५ दिवसांचीच. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. ते व्याज मागायला सहसा कुणी धजत नाही, ठीक आहे. खरा जोर दुसरीकडे आहे: २०२३-२४ पासून मुदत टळलेलं बिल वर्षअखेर थकलं, तर क्लायंटला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचं अकाउंट्स खातं आपणहून फोन करतं.

बेंचचं, म्हणजे पगारावर असून क्लायंटच्या कामावर नसलेल्यांचं, गणितही बघ. भाडं, एचआर, सेल्स मिळून महिन्याला ३ लाख धरले, तर दहाही जण बिलिंगवर असताना ५ लाख उरतात. तिघे बेंचवर गेले की उरतात २० हजार. म्हणून दहाच्या दहा एकदम घेऊ नकोस. चार-चार-दोन असे टप्पे पाड आणि पुढचा टप्पा पीओ (क्लायंटची लेखी खरेदी ऑर्डर) हातात आल्यावरच. मेलवरचं ‘गो अहेड’ म्हणजे पीओ नव्हे.

फिक्स्ड प्राइसचं, म्हणजे ठरावीक रकमेचं काम घेतलंस तर शेवटचा हप्ता यूएटीवर, म्हणजे क्लायंटने करायच्या अखेरच्या तपासणीवर लटकतो. क्लायंटचा माणूस तपासायलाच बसत नाही, आणि तपासलं नाही म्हणून सही नाही. करारात एक ओळ घाल: दहा कामाच्या दिवसांत लेखी दोष कळवले नाहीत तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल.

पगारासाठी कंपनीचा हिस्सा विकू नकोस. त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज आहे; क्लायंट ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं वटवण्याचा ऑनलाइन मंच) असेल तर तिथे बिल देऊन मुदतीआधी पैसे घेता येतात. आयपीओची, म्हणजे शेअर लोकांना विकून बाजारात उतरण्याची घाई तर मुळीच नको. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी पर्सिस्टंट १९९० साली सुरू झाली आणि शेअर बाजारात आली २०१० मध्ये.

पुढच्या आठवड्यात येताना थकलेल्या बिलांची क्लायंटनिहाय यादी आण: ३० दिवसांच्या आतली, ४५ पर्यंतची आणि त्यापुढची. विक्रीच्या स्लाइड्स नकोत.