कांद्याच्या बातमीतून राज्यघटना

स्पर्धा परीक्षेसाठी राज्यघटना पाठ करायला बसू नकोस. रोजचा पेपर उघड आणि बातमीला कलम शोध. आपल्या नाशिकचंच बघ. डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातबंदी आली, लासलगावात लिलाव बंद पडले. ही बंदी कुणी घातली? केंद्राने. का, तर आयात-निर्यात हा सातव्या अनुसूचीतल्या (केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या परिशिष्टातल्या) संघ सूचीचा, म्हणजे केंद्राच्या यादीचा विषय, नोंद 41. शेती मात्र राज्य सूचीत, नोंद 14. बाजारही तिथेच, नोंद 28. म्हणून बाजार समिती चालते राज्याच्या 1963 च्या कायद्याने आणि निर्यातीची अधिसूचना निघते दिल्लीहून. एवढं एकदा नीट उलगडलंस की केंद्र-राज्य संबंधांवरचा प्रश्न तुला घाबरवणार नाही.

सुरगाणा, पेठ या आपल्या आदिवासी तालुक्यांची बातमी दिसली की पाचवी अनुसूची (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराची) आणि 1996 चा पेसा कायदा (त्या क्षेत्रांत पंचायत व्यवस्था लागू करणारा) काढ, ग्रामसभेचे अधिकार मूळ कायद्यातून वाच. क्लासच्या नोट्स नंतर. (मासिकांचा ढीग तर अजिबात लावू नकोस, एक पुरे.)

वहीत डावीकडे बातमी, उजवीकडे कलम. आणि रविवारी फक्त जुन्या प्रश्नपत्रिका सोडव, घड्याळ लावून.