नोकरीला दोन वर्षं झाली. नेतृत्व आणि धंद्याची समज कशी वाढवू?

काम हातात बसलंय, वरिष्ठ खूश आहेत, पण पुढे टीम सांभाळण्याची तयारी कशी करायची ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एमबीए करावं का, असंही विचारलंय.

एमबीएचा विचार वर्षभर बाजूला ठेवा. आधी तुमच्याच कंपनीत पैसा कुठून येतो आणि कुठे अडकतो ते बघा. मी इंजिनिअर. पहिली चार वर्षं ताळेबंद उघडूनही पाहिला नव्हता. एकदा कंपनी नफ्यात असूनही पगार आठवडाभर लांबले. अकाउंट्समधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना कारण विचारलं, तर त्यांनी कागदावर मांडूनच दाखवलं. 100चा माल 120ला विकला, हिशेबात 20 नफा. पण पुरवठादाराला 30 दिवसांत पैसे द्यायचे आणि ग्राहक देणार 90 दिवसांनी. मधले 60 दिवस ते 100 आपल्या खिशातून. ऑर्डरी दुप्पट झाल्या की अडकलेली रक्कमही दुप्पट! भरभर वाढणारी कंपनीसुद्धा रोखीअभावी बसते ती अशी. वसुलीसाठी इतका तगादा का लावतात, उधारीची मुदत वाढवायला वरून नकार का येतो, हे मला तेव्हा कुठे उमगलं. तुम्हीही अकाउंट्समधल्या कुणाचा तरी अर्धा तास मागून घ्या. सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना हे कुणी विचारतच नाही.

नेतृत्वासाठी पदाची वाट बघू नका. प्रत्येक ऑफिसात एखादं बिनधन्याचं काम असतं, दोन विभागांमध्ये लटकलेली तक्रार वगैरे. साहेबांच्या कानावर घालून ते उचला आणि तडीस न्या.

टीम मिळाल्यावर मी केलेली चूक मात्र करू नका. माझ्याकडे चार जण आले, तर मी रात्री बसून त्यांचं काम स्वतःच दुरुस्त करायचो. तीन महिन्यांत ते अर्धवट काम देऊ लागले, कारण मी नंतर बघणारच होतो. दोष त्यांचा नव्हता. त्यानंतर काम देतानाच सांगायला लागलो: काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि कुठले निर्णय मला न विचारता घ्यायचे. शेवटचं जीवावर येतं, पण माणसं त्यानेच तयार होतात.

आणखी एक. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर (1909–2005) सांगत की महत्त्वाचा निर्णय घेताना काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि 9 ते 12 महिन्यांनी ताडून बघा. मी अशी वही ठेवतो. माणसांबद्दलचे माझे अंदाज बहुतेक बरोबर निघाले, वेळेचे मात्र सतत चुकले. म्हणून आता तारीख कबूल करण्याआधी प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच विचारतो.

तुमची वही वर्षाची झाली की एमबीएचा प्रश्न पुन्हा काढा. हिशेब, किंमत ठरवणं, बाजार यांत कच्चे दिसलात तर अभ्यासक्रमाचा चांगला उपयोग होईल. अडचण माणसांशी स्पष्ट बोलण्याची निघाली, तर फी भरण्याआधी ज्याच्याशी बोलणं टाळताय त्या सहकाऱ्याशी बोलून बघा.