"आई, तूच कर ना, तुझं छान होतं"

मागच्या पावसाळ्यात एक आई सल्ल्यासाठी आली होती माझ्याकडे. चिंचवडला वन बीएचके, मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची, हिची नोकरी घरूनच. (ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय.) बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, मला मुलांसाठी काहीच जमत नाही हो. बाकीच्या आया बघा, रोज काहीतरी नवीन, क्राफ्ट काय, टिफिन काय, सगळी खेळणी कशी डब्यात लेबल लावून. माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही आणि पोरगा सारखा मोबाईल मागतो." आणि रडायलाच लागली.

ही काळजी घेऊन महिन्यातनं तीन-चार आया तरी येतात माझ्याकडे, म्हणून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

तिने फोनमधले फोटो दाखवले, मुलाचे शाळेचे प्रोजेक्ट. आकाशकंदील, पावसाचं चित्र, कापसाचा ससा, सगळं एकदम सुबक. मी विचारलं, यात त्याने काय केलं? थोडा वेळ गप्प बसली मग म्हणाली, "तो सुरू करतो मॅडम, पण फार वाकडंतिकडं होतं, शाळेत सगळ्यांचं छान असतं म्हणून मग तो झोपला की मी रात्री नीट करून ठेवते." रात्री बारा-बारापर्यंत. दमलेली असायची आणि सकाळी त्या दमण्यातनंच पोरावर ओरडणं व्हायचं.

म्हणजे ही बाई काहीच करत नव्हती असं अजिबात नव्हतं, उलट सगळं तीच करत होती! आणि दादू (घरात त्याला दादूच म्हणतात) हल्ली कागद-पेन्सिल दिली की एकच वाक्य बोलायचा, "आई, तूच कर ना, तुझं छान होतं." सकाळी उठून आपला ससा रातोरात दुसराच झालेला बघितला की सात वर्षांच्या मुलाला काय कळतं? की माझा चांगला नव्हता. मोबाईलवर चुकलं तर कुणी बघत नाही, परत खेळता येतं, म्हणून तो तिकडे जात होता. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला लागलं, मलाही सांगताना जड गेलं, पण सांगायला हवंच होतं.

पुढच्या वेळी दोघं आले. मी कागदाची पट्टी घेतली, वीतभर लांब, वरून मधोमध अर्ध्यापर्यंत कापली, दोन पंख दोन बाजूंना दुमडले आणि खाली एक यू-पिन लावली. खुर्चीवर चढून सोडलं की गरगर फिरत खाली येतं, हे भिरभिरं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं असतं. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी कागद, काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब असल्या टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी केली त्यांच्याकडे बघूनच मला अशा गोष्टींचा नाद लागला. दादूने कापलं ते तिरकं गेलं, एक पंख मोठा एक बारका. आईचा हात लगेच पुढे आला, मी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. त्याने सोडलं आणि ते फिरलं. थोडं लडबडत, पण फिरलं! मग अकरा वेळा खुर्चीवर चढला तो, मोजलं मी.

घरी करायला मी तिला तीनच गोष्टी दिल्या, त्याही विकत काही न आणता.

पहिलं, पसारा. तिच्याकडे खेळणी फार होती, सगळी एका मोठ्या टोपलीत, मुलं टोपली उलटी करायची आणि मग कशाशीच खेळायची नाहीत. निम्म्याहून जास्त खेळणी पिशवीत भरून माळ्यावर टाकायला सांगितली, दर रविवारी अदलाबदल, खालची वर आणि वरची खाली. खाली राहिलेल्यांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे आणि बुटांची खोकी, आणि त्यावर चित्र मुलांनीच काढायचं कारण छोटीला वाचता कुठे येतंय. दादूने गाड्यांच्या डब्यावर चार गोल आणि एक रेघ काढली, तीच गाडी, छोटीला बरोबर कळली. ठोकळ्यांसाठी जुनी चादर, ती पसरायची, त्यावरच खेळायचं आणि खेळ संपला की चार कोपरे उचलून गाठोडं करून कोपऱ्यात. ही चादरीची आयडिया मला एका आजींनी सांगितलेली, लहान घरात याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. आणि आवरताना "आवरा रे" असं लांबून ओरडायचं नाही, आपण खाली बसून दहा मिनिटं बरोबर आवरायचं, पहिले दोन महिने तरी.

दुसरं, खाऊ. शेंगदाण्याचे लाडू निवडले कारण पाक नाही. दाणे आईने भाजायचे, गार झाले की मुलांनी हाताने चोळून टरफलं काढायची आणि गॅलरीत जाऊन सुपात फुंकायची, यात अर्धा तास आरामात जातो. कूट आईने करायचं, दोन वाट्या कूट असेल तर एक वाटी चिरलेला गूळ, वळायचं मुलांनी. तीन वर्षांच्या मुलांच्या तोंडात अख्खे दाणे जाऊ देऊ नका, घशात अडकतात, कूट चालतं, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना ते आधी माहीत हवं. दडपे पोहेही सांगितले, कोथिंबीर तोडणं, लिंबू पिळणं, खोबरं-कांदा-पोहे कालवून वर ताट दडपणं सगळं मुलांचं, फोडणी तेवढी आईची. दुसऱ्या आठवड्यात तिचा मेसेज आला, लाडू एक सुपारीएवढा, एक संत्र्याएवढा, आणि दादूने डब्यात घेऊन जाऊन मित्रांना वाटले.

तिसरं, हातकाम. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, घट्ट मळायचं. हळद घातली की पिवळं, बिटाच्या रसाने गुलाबी. मीठ खूप असतं त्यामुळे खायचं नाही हे छोटीला दहा वेळा सांगावं लागतं. आणि पावसाळ्यात हे वाळत नाही, तिचं पहिल्यांदा तसंच झालं, मीठ दमट होऊन सगळं चिकट झालं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. मग वस्तू ठेवायच्या नाहीत, फक्त खेळून मोडायचं असं ठरलं. ते जास्त बरं झालं, मोडायचंच आहे म्हटल्यावर छान होण्याची भीती गेली.

शाळेच्या प्रोजेक्टचं अवघड गेलं. तिला वाटायचं बाकीच्यांच्यात त्याचं वाईट दिसेल. मी तिला टीचरशी बोलायला सांगितलं, टीचर म्हणाल्या अहो आम्हाला कळतं की कुठलं आईने केलंय. पण तरीही एकदा रात्री तिने मोराची पिसं परत चिकटवली, आणि स्वतःच येऊन सांगितलं. इतक्या वर्षांची सवय एका महिन्यात जात नाही, त्यात तिला अपराधी वाटावं असं काहीच नव्हतं.

१९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, तिथे शिंपले, दगड, बिया, पानं हेच मुलांचं साहित्य होतं. मी हे आयांना मुद्दाम सांगते, कारण महागडे किट आणले नाहीत म्हणून आपण कमी पडतोय असं त्यांना खरंच वाटत असतं हो.

एक मात्र सांगते, मूल सहा-सात वर्षांचं झालं तरी कात्री धरता येत नाही, बटण लावता येत नाही, पेन्सिल धरली की लगेच हात दुखतो असं असेल तर नुसतं "करू दे त्याला" म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हाताची अशी रोजची कामं जमायला मदत करणारे तज्ज्ञ) पाठवतील. दादूचं तसं नव्हतं, ते मी आधी बघून घेतलं होतं. मोबाईल अजून मागतो तो, पूर्वीपेक्षा कमी, रोज संध्याकाळी त्यावरून थोडं रडणं होतंच.

दिवाळीच्या आधी सासूबाई साताऱ्याहून आल्या, येताना लाल मातीची गोणी घेऊन. गॅलरीत किल्ला झाला, पोरांनीच केला. तिचा फोन आला तेव्हा मागे नुसता गलका. म्हणाली, "मॅडम, दुसऱ्याच दिवशी बुरूज ढासळला, मोठं भोक पडलं. माझे हात शिवशिवत होते पण मी मागे बांधून उभी राहिले. दादूने बघितलं, विचार केला आणि म्हणाला, आई हा चोरदरवाजा आहे."

मग म्हणाली, अळीव पण उगवलंय, पण एकाच कोपऱ्यात जंगल झालंय, छोटीने सगळं बी तिथेच ओतलं होतं.